कुंपणापलीकडची मुळे

महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी उंच इमारती बांधण्याचे जे सत्र सध्या चालू आहे, त्याच्या बऱ्यावाईट परिणामांची चर्चा आपल्या चळवळीत होत असते. भाडेकरूंचे काय झाले, मूळ सभासदांना कबूल केलेले क्षेत्रफळ मिळाले की नाही, पाण्याचा आणि सांडपाण्याचा वाढलेला भार कोणी सोसायचा, हे प्रश्न कार्यकर्त्यांच्या तोंडी असतात, आणि ते असलेच पाहिजेत. परंतु या बांधकामांचा एक बळी असा आहे की ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. तो बळी म्हणजे शेजारच्या जमिनीवरचे जुने झाड. ज्या भूखंडावर इमारत उभी राहायची त्या भूखंडावरील झाडांविषयी मी येथे बोलत नाही. त्यांना निदान क्रमांक मिळतो, त्यांच्या बुंध्यावर नोटीस चिकटवली जाते, वर्तमानपत्रात कोठेतरी बारीक टाइपात हरकती मागवल्या जातात. कुंपणभिंतीच्या पलीकडे, दुसऱ्याच्या आवारात किंवा सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या चिंचेच्या, आंब्याच्या, पिंपळाच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. त्यांच्या मुळांवरून यंत्र फिरते, आणि कागदोपत्री काहीच घडलेले नसते.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ साली आला, म्हणजे पर्यावरण हा शब्द राजकारण्यांच्या भाषणांत शिरण्याच्याही बराच आधी. प्रत्येक नागरी क्षेत्रात वृक्ष प्राधिकरण असावे, दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हावी, परवानगीवाचून झाड पाडले जाऊ नये, अशा त्याच्या तरतुदी आहेत. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. जे झाड तोडायचे त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत, असाही नियम झाला. या कायद्यातील एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते. ‘झाड पाडणे’ या शब्दप्रयोगाची जी व्याख्या त्याच्या आरंभीच दिलेली आहे, तीत तोडणे आणि जाळणे यांच्या जोडीने झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. म्हणजे मुळे छाटणे हे कायद्याच्या भाषेत झाड पाडणेच आहे, मग ती मुळे कोणाच्याही जमिनीखाली असोत. कायद्याने सांगायचे ते पन्नास वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा मात्र अजून कुऱ्हाडीचा आवाज ऐकण्यापुरतीच जागी असते.

आवाज झाला की समाजही जागा होतो, हे आपण पाहिले आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरे वसाहतीतील मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला जैसे थे ठेवण्याचा आदेश दिला, तोवर २,१४१ झाडे पडलेली होती. त्या रात्री तरुण मुले-मुली तेथे धावली, त्यांना अटका झाल्या, देशभर चर्चा झाली. ते योग्यच झाले. परंतु एका गल्लीत एक, दुसरीत दोन, अशी जी झाडे खोदकामाच्या पायी तीन-चार वर्षांत वाळून जातात, त्यांची बेरीज कोणी केलेली नाही. करता येण्यासारखीही नाही, कारण ती झाडे मेली तेव्हा त्यांच्याजवळ मारेकरी उभा नव्हता.

हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. शाळेच्या पुस्तकातील चित्रांमुळे आपली समजूत अशी असते की, झाड जमिनीच्या वर जेवढे पसरलेले असते तेवढेच ते खाली खोल गेलेले असते. वस्तुस्थिती तशी नाही. मोठ्या झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातच असतात आणि पाणी व अन्न शोषणारी बारीक मुळे तर त्याहूनही वर, वीतदोन वितींच्या मातीत असतात. खोल जाण्याऐवजी ती आडवी पसरतात, आणि फांद्यांच्या घेराच्या पुष्कळ बाहेरपर्यंत पसरतात. दख्खनच्या पठारावर, जेथे चार-सहा फूट मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, तेथे झाडाला आडवे पसरण्यावाचून गत्यंतरच नसते. या मुळांना महसूल खात्याची हद्द ठाऊक नाही. जेथे ओल आणि हवा तेथे ती जातात. मग एके दिवशी पलीकडच्या भूखंडावर पोकलेन यंत्र येते, भिंतीला लागून पंचवीस-तीस फूट खोल सरळ कडा कापला जातो आणि झाडाची एक बाजू संपते. तेवढ्यावरही भागत नाही. खड्ड्यात पाणी लागते म्हणून महिनोन् महिने पंप चालतात आणि आसपासची ओल उतरते. उकरलेल्या मुरुमाचे ढीग झाडाच्या बुंध्याशी लागतात. ट्रकांच्या येण्याजाण्याने माती दबते आणि तिच्यातील हवा निघून जाते. सिमेंटचे धुवण झिरपते आणि मातीचा गुणधर्म बदलतो. झाड लगेच मरत नाही. साठवलेल्या शिदोरीवर ते दोन-तीन पावसाळे काढते, शेंड्याकडून वाळत येते, आणि मग एखाद्या जूनमधील वादळात मोडून पडते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘जुनाट वृक्ष कोसळला’ अशी बातमी येते.

किती अंतर राखले म्हणजे झाड वाचते, हा काही गूढ प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागी झाडांचे रक्षण कसे करावे याचे एक मानक आहे. ते प्रथम १९८० साली निघाले आणि पुढे वेळोवेळी सुधारले गेले. झाडाच्या खोडाचा छातीइतक्या उंचीवरचा व्यास घ्यावा, त्याची बारापट करावी, तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ हे मुळांचे राखीव क्षेत्र समजावे, असा त्याचा सोपा नियम आहे. फार मोठ्या झाडासाठी ही त्रिज्या पंधरा मीटरवर थांबवलेली आहे. ऑस्ट्रेलियाने २००९ साली केलेल्या मानकातही तीच बारापट आहे. जर्मनीत फांद्यांच्या घेराबाहेर आणखी दीड मीटर सोडण्याचा दंडक आहे. आपल्याकडे झाडाचा व्यास मोजण्यापेक्षा दोरीने घेर मोजणे सोपे, म्हणून कार्यकर्त्यांनी असे लक्षात ठेवावे की खोडाच्या घेराच्या पावणेचारपटीहून किंचित जास्त एवढे हे अंतर भरते. दोन मीटर घेराची चिंच असेल तर तिच्यासाठी साडेसात मीटरहून थोडे अधिक. आता ती चिंच कुंपणभिंतीपासून तीन मीटरवर उभी आहे असे समजा. तिच्या राखीव वर्तुळाचा सुमारे चौथा हिस्सा भिंतीपलीकडे, शेजाऱ्याच्या जमिनीखाली येतो. आणि शेजारी तर हद्दीपासून हात-दीड हातावर तळघराची भिंत घालू पाहतो.

आमच्या भागातील एक उदाहरण सांगतो. दुमजली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मागील आवारात एक चिंच होती. संस्था १९६० च्या दशकातली, चिंच तिच्या आधीची. झाडाची फांदी भिंतीवरून गल्लीत आली होती आणि तिच्या सावलीत एक इस्त्रीवाला आपली गाडी लावून वीसेक वर्षे पोट भरत होता. दुपारी रिक्षावाले तेथेच डबा खात. शेजारचा बंगला विकला गेला, तेथे बारा मजले मंजूर झाले आणि त्याखाली मोटारींसाठी तीन तळघरे. संस्थेच्या चिटणिसांनी खोदकाम चालू असताना महापालिकेकडे तक्रार केली. पाहणीस आलेल्या कर्मचाऱ्याने झाड जागेवर असल्याचे पाहिले, ते हिरवे असल्याचे पाहिले, आणि तक्रारीत तथ्य नसल्याचा शेरा मारला. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता, झाड उभेच होते. तिसऱ्या पावसाळ्यात ते भिंतीच्या बाजूला कलले. मग मात्र यंत्रणेने विलक्षण तत्परता दाखवली. धोकादायक वृक्ष म्हणून दोन दिवसांत परवानगी मिळाली आणि चिंच तुकडे होऊन गेली. तोडणावळीचा खर्च संस्थेने सोसला. ज्यांनी खोदले ती भागीदारी संस्था त्या एका प्रकल्पापुरतीच काढलेली होती आणि सदनिका विकून झाल्यावर विसर्जित झाली होती. इस्त्रीवाल्याने महिनाभर ताडपत्री बांधून पाहिली आणि मग तो कोठेतरी निघून गेला.

या लहानशा घटनेत अर्थशास्त्राचा एक मोठा धडा आहे, आणि आयुष्यभर तो विषय शिकवल्यामुळे त्याबद्दल चार शब्द लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. एकाच्या व्यवहाराचा खर्च तिसऱ्यावर पडतो, या प्रकाराचे विवेचन केंब्रिजच्या पिगू यांनी १९२० साली कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात केले आणि त्यावर कराचा उपाय सुचवला. पुढे १९६० साली रोनाल्ड कोझ यांनी असे मांडले की, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीला खर्च नसेल तर दोन्ही पक्ष आपसात सौदा करून योग्य तोडगा काढतील. कोझ यांचे प्रतिपादन त्यांच्या अनुयायांनी केले त्यापेक्षा पुष्कळ सावध होते, हे त्यांच्या बाबतीत न्याय म्हणून सांगितले पाहिजे. पण आपल्या चिंचेला ते लावून पाहा. सौद्याला कोण बसणार? एका बाजूस बांधकाम करणारा, दुसऱ्या बाजूस झाडाची मालक संस्था. इस्त्रीवाला कोठे आहे? रिक्षावाला कोठे आहे? ज्या पादचाऱ्याला मे महिन्याच्या दुपारी गल्लीचा तो एकच टप्पा सुसह्य होता, तो कोठे आहे? झाडाच्या सावलीवर मालकी कोणाचीच नसते आणि तिचा उपभोग मात्र बहुतेककरून ज्यांच्याजवळ दुसरी सावली नाही अशांनाच घडतो. असे लोक सौद्याच्या मेजाशी कधीच नसतात.

मला या बाबतीत विल्यम काप अधिक खरे वाटतात. खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावरील त्यांचे पुस्तक १९५० साली प्रसिद्ध झाले आणि मुख्य प्रवाहाच्या अर्थशास्त्रज्ञांनी ते जवळजवळ दुर्लक्षिले. हे खर्च म्हणजे बाजाराच्या यंत्रातील एखादा किरकोळ बिघाड नव्हे, असे काप यांचे म्हणणे. नफा ज्या रीतीने मिळवला जातो तिचाच तो नेहमीचा भाग आहे. खर्च आपल्या वहीतून काढून समाजाच्या डोक्यावर ढकलणे हे तेथे धंद्याचे कौशल्य ठरते. चिंचेच्या प्रकरणात हे किती तंतोतंत लागू पडते पाहा. हद्दीपासून चार-पाच मीटर आत तळघर घेतले असते तर मोटारींच्या काही जागा कमी झाल्या असत्या. त्या जागांचे पैसे विकणाऱ्याच्या खात्यात पहिल्याच वर्षी जमा झाले. झाडाचे मरण तिसऱ्या वर्षी आले, तेव्हा ज्याला बिल पाठवावे असा कोणी जागेवर उरला नव्हता. लाभ आणि हानी यांच्यामध्ये तीन पावसाळ्यांचे अंतर आहे, आणि सगळी जबाबदारी त्या अंतरात वाहून जाते.

मग झाडाची किंमतच ठरवून टाकावी असे काही सुज्ञ लोक म्हणतात. पश्चिम बंगालमधील पाच रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला असता २०२० साली न्यायालयाने एक तज्ज्ञ समिती नेमली. त्या समितीने झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरले आणि त्यास वयाने गुणावे असे सुचवले. त्यात एकट्या प्राणवायूचे ४५,००० रुपये होते. या हिशेबाने पन्नास वर्षांच्या झाडाची किंमत सव्वासदतीस लाख रुपये होते. ज्या देशात जुना वृक्ष म्हणजे इतके घनफूट लाकूड असाच हिशेब शतकभर चालत आला, तेथे असा आकडा निघणे ही प्रगतीच आहे. तरीही मी त्यावर विसंबणार नाही. पुण्या-मुंबईच्या चांगल्या वस्तीत सव्वासदतीस लाखांत दोन खोल्यांचे घरदेखील येत नाही. एक जास्तीची सदनिका विकून झाडाचे पैसे फेडता येत असतील तर ते आनंदाने फेडले जातील. किंमत लावली की वस्तू विकाऊ होते. शिवाय दंड घ्यायचा तर आधी गुन्हा दिसावा लागतो. उत्तर प्रदेशात मथुरेजवळ ताज परिसरातील ४५४ झाडे परवानगीवाचून तोडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये झाडामागे एक लाख रुपये भरण्याचा आदेश कायम केला, तो तेथे बुंधे शिल्लक होते म्हणून. आमच्या चिंचेसारखी झाडे गुन्ह्याचा पुरावा म्हणून नव्हे, तर धोका म्हणून दप्तरात दाखल होतात.

आणि भरपाईची रोपे? पन्नास वर्षांच्या झाडाबद्दल पन्नास रोपे हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो. ती रोपे कोठे लागतात ते मात्र विचारावे. गल्लीत तर जागा नसते. ती शहराबाहेरच्या एखाद्या टेकडीच्या उतारावर लागतात आणि त्यांतील जी जगतात त्यांना सावली धरायला वीस वर्षे लागतात. तोवर बसथांब्यावरची सावली गेलेली असते.

आता मूळ कायदेशीर प्रश्नाकडे येऊ. माझ्या जमिनीत आलेली तुझी मुळे मी का तोडू नयेत, असे बांधणारा विचारतो, आणि त्याच्या पाठीशी जुनी परंपरा आहे. लेमन विरुद्ध वेब या खटल्यात ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेजाऱ्याच्या झाडाच्या आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या सूचना न देताही छाटता येतात असे ठरवले, आणि मुळांनाही हाच न्याय लागत आला. ही मालमत्तेची कल्पना आपण साहेबाकडून घेतली. परंतु साहेबाने स्वतः ती पुढे कोठवर ठेवली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १९४७ साली ॲटली यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने नगररचनेचा जो कायदा केला, त्याने जमिनीची मालकी आणि त्या जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या. जमीन तुझी, तिच्यावर बांधायचे की नाही, किती आणि कसे, हे समाज ठरवील. परवानगीमुळे वाढणारे जमिनीचे मोलही समाजाचे, म्हणून त्यावर पूर्ण आकार बसवलेला होता. हुजूर पक्षाने सत्तेवर येताच तो आकार रद्द केला, परवानगीचे तत्त्व मात्र त्यालाही मोडता आले नाही. याच कायद्यात वृक्षसंरक्षण आदेशाची तरतूद होती. आदेश निघाला की झाड कोणाच्याही जमिनीवर असो, मालकालासुद्धा ते परवानगीवाचून तोडता येत नाही. पुढे लंडनच्या बार्नेट भागात वीज मंडळाच्या केबली टाकताना अशा सहा संरक्षित झाडांची मुळे तोडली गेली. झाडे तर उभी आहेत, मग नाश कसला, असा बचाव झाला. १९७३ साली न्यायालयाने निर्णय दिला की झाड राखण्याजोगे उरणार नाही इतकी इजा त्याला झाली असेल तर ते उभे असले तरी त्याचा नाश झालाच आहे. आमच्या पाहणी कर्मचाऱ्याला कोणी हा निर्णय वाचून दाखवायला हवा होता.

आपल्या कायद्यातही आधार नाहीत असे नाही. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमात प्रत्येक जमीनमालकाला शेजारच्या जमिनीकडून मिळणाऱ्या नैसर्गिक आधाराचा हक्क मान्य केलेला आहे; मी माझ्या बाजूला इतके खणू शकत नाही की तुझी जमीन ढासळावी. जमीन ढासळू नये हे पाहणारा कायदा त्या जमिनीत रुजलेले झाड ढासळू नये हेही पाहू शकतो. आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४५ नुसार बांधकामाची परवानगी अटी घालून देण्याचा पूर्ण अधिकार नियोजन प्राधिकरणाला आहे. माझा मुद्दा येथेच आहे. आज जो अधिकचा चटईक्षेत्र निर्देशांक, जे हस्तांतरणीय विकास हक्क बांधणाऱ्याला मिळतात, ते त्याच्या जमिनीतून उगवत नाहीत. समाज ते त्याला देतो. मूळ दोन मजल्यांच्या जागी जे दहा मजले जास्तीचे चढतात, ती सार्वजनिक देणगी आहे. जो समाजाकडून दहा मजले घेतो त्याने हद्दीलगतच्या समाजाच्या झाडासाठी चार मीटर माती सोडावी, ही त्याच्या मालमत्तेवरील घाला नसून घेतलेल्या देणगीची अगदी किरकोळ परतफेड आहे.

ही परतफेड अटींच्या रूपाने कशी वसूल करावी? परवानगीसाठी येणाऱ्या नकाशावर हद्दीच्या आतील झाडांबरोबरच हद्दीबाहेरची, पंधरा मीटरच्या आत येणारी झाडे त्यांच्या राखीव वर्तुळांसह दाखवलेली असावीत. ज्या नकाशात ती नसतील तो अपुरा समजून परत करावा. त्या वर्तुळात तळघर नको. पायाच घ्यायचा तर सलग चर न खणता सुटे खांब घ्यावेत आणि खोदकाम हाताने व्हावे. ज्याच्या आवारात झाड आहे त्या शेजाऱ्याला काम सुरू होण्यापूर्वी लेखी सूचना मिळावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झाडामागे भरीव अनामत रक्कम घ्यावी आणि ती भोगवटा प्रमाणपत्रानंतर पाच पावसाळे सोडू नये. तीन वर्षांनी मरणाऱ्या झाडाचा जामीन तीन महिन्यांत मोकळा करण्यात अर्थ नाही. प्रकल्पापुरत्या निघणाऱ्या भागीदाऱ्यांच्या बाबतीत तर दुसरा कोणताच लगाम चालणार नाही.

आपल्यातीलच काही साथी यावर म्हणतील की, हा बंगलेवाल्यांचा छंद आहे. ज्यांना छप्पर नाही त्यांचा विचार आधी करा. हा आक्षेप मी हलका समजत नाही. गळक्या, टेकू लावलेल्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाला चांगले घर मिळत असेल तर त्याच्या आड येणाऱ्या प्रत्येकाकडे, झाडवाल्यांकडेही, संशयाने पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. परंतु झाडाच्या मुळांवर नेमके कशाचे आक्रमण होते ते तपासून पाहावे. राहण्याच्या खोल्या जमिनीच्या वर असतात. हद्दीपर्यंत खणले जाते ते मोटारी उभ्या करण्यासाठी. २०२० साली लागू झालेल्या राज्याच्या एकत्रीकृत नियमावलीत कोणत्या आकाराच्या घरामागे किती वाहनांची सोय हवी याची सविस्तर कोष्टके आहेत. मुळांना किती माती हवी याचे तसे कोष्टक नाही. म्हणजे निवड घर की झाड अशी नसून दुसरी मोटार की झाड अशी आहे, आणि ज्याला छप्पर नाही त्याचा या निवडीत कोठेच संबंध नाही. उलट झाड गेल्यावर उन्हात उभा राहणारा तोच असतो. २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली, ती उघड्यावर कष्ट करणाऱ्यांना सर्वाधिक धोका आहे हे गृहीत धरूनच. वातानुकूलित खोलीतील माणसाला चिंचेची सावली शोभेची असते. भाजीवालीला, सुरक्षारक्षकाला, त्या बांधकामावरच्याच बिगाऱ्याला ती कामाच्या साधनांपैकी एक असते. सावलीचा प्रश्न कामगारांच्या प्रश्नांत धरला जात नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

झाडे उचलून दुसरीकडे लावण्याचा जो नवा धंदा निघाला आहे त्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. पन्नास वर्षांच्या वडाची बहुतेक मुळे कापून त्याला क्रेनने हलवणे आणि मग फलक लावणे, याला कोणी पुनर्रोपण म्हणत असेल तर म्हणो.

प्रभागातील कार्यकर्त्यांना यात आजपासून करण्याजोगे काम आहे. त्याला मोठा निधी लागत नाही, एक मोजपट्टी आणि एक वही पुरते. आपल्या प्रभागात ज्या इमारती पुनर्विकासासाठी ठरल्या आहेत त्यांची यादी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांकडून सहज मिळते. त्या प्रत्येक भूखंडाच्या चारही बाजूंना फिरून हद्दीलगतच्या झाडांचे घेर आणि भिंतीपासूनची अंतरे नोंदवावीत, तारीख घातलेली छायाचित्रे काढावीत, आणि हा तक्ता खोदकाम सुरू होण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाकडे व बांधकाम परवानगी विभागाकडे पोचवून त्याची पोच घ्यावी. पुढे झाड कलले तर ते आधीपासूनच रोगट होते असे मग म्हणता येणार नाही. मंजूर नकाशाची प्रत २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावी आणि तळघराची रेषा वर्तुळात शिरते का ते पाहावे. शिरत असेल तर १९७५ च्या कायद्यातील ‘कोणत्याही प्रकारे इजा’ हे शब्द उद्धृत करून हरकत घ्यावी. वॉर्डात सभा घेणार असाल तर ती झाडाखालीच घ्या, आणि ज्यांचा धंदा त्या सावलीत चालतो त्यांना आधी बोलू द्या. खोदकामे बहुधा पावसाळा संपला की सुरू होतात. त्यामुळे ही मोजणी सप्टेंबरअखेर पुरी झालेली असावी.